पाळक आणि मोलकरी

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला, घाटाची चढण सुरू होण्यापूर्वी, वैशाखरे नावाचे गाव लागते. नाणेघाटाची प्राचीन वाट याच परिसरातून सह्याद्री चढते. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने जुन्नरकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेणे आणि त्यातील शिलालेख त्याची साक्ष देत आजही उभे आहेत. या वाटेच्या एका टोकाला, समुद्रकाठी, वसई आहे. दुसऱ्या टोकाला, देशावर, अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाची ही दोन मोठी ठाणी होत. पहिले कॅथलिक, दुसरे मुख्यतः प्रॉटेस्टंट. दोहोंचा इतिहास वेगळा, उपासनेची रीत वेगळी. पण एक प्रश्न दोन्हीकडे पुन्हा पुन्हा उभा राहिला: ख्रिस्ती मंडळीचा खरा पुढारी ओळखावा कशावरून?

हा प्रश्न या मुलखाला नवा नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती वस्त्यांची नोंद केली आहे. त्यात 'कल्लियाना' नावाच्या बंदराचा उल्लेख असून तेथे पर्शियातून नेमून आलेला बिशप आहे, असे तो सांगतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याणच असे मानतात. या बिशपाचे नाव कॉस्मसने दिलेले नाही. त्याने कोणाचे अश्रू पुसले, कोणाची समजूत घातली, दुष्काळात कोणाच्या दारी गेला, यांपैकी एका गोष्टीचीही नोंद नाही. त्याची नेमणूक कोठून झाली, एवढीच बातमी दीड हजार वर्षे ओलांडून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. त्याच्या मंडळीची परंपरा कल्याणात अखंड राहिली नाही.

त्याच परिसरातली दुसरी हकीकत याहून वेगळी आहे. १३२१ मध्ये ठाणे शहरात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस नावाचा डोमिनिकन पंथीय साधू त्या वेळी ठाण्याबाहेर होता. त्याने परत येऊन त्यांची शरीरे मिळविली आणि सोपाऱ्यास नेऊन पुरली. नंतर तो याच किनाऱ्यावर, बराच काळ एकटा, काम करीत राहिला. त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले ते पुढे, १३२९ मध्ये. सोबत्यांना माती दिली तेव्हा त्याच्यापाशी हुद्दा नव्हता. तेथून निघून जाण्याची मोकळीक मात्र होती, आणि ती त्याने घेतली नाही.

या दोन नोंदींमधील फरक समजून घ्यायचा तर मराठी ख्रिस्ती समाजाच्या भाषेकडे वळावे लागते. प्रॉटेस्टंट मंडळीच्या धर्माधिकाऱ्याला मराठीत 'पाळक' म्हणतात. शब्द साधा आहे, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांच्या जगातून आलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवितो, आणि त्या मेंढपाळाच्या शेजारी तो आणखी एक माणूस उभा करतो. मराठी बायबलात त्याला 'मोलकरी' असा नेमका शब्द योजला आहे. मोलकरी हा चोर नाही, लबाडही नाही. सकाळी वेळेवर येतो, मेंढरे चारतो, संध्याकाळी मोजून परत आणतो. लांडगा दिसला की तेवढा पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. सामान्य दिवशी पाळक कोण आणि मोलकरी कोण, हे मेंढरांनाही सांगता येणार नाही. दोघांच्या हातात काठी सारखीच असते.

येथे मोल घेण्याची निंदा केलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शिक्षक पगार घेतो, कारकून पगार घेतो, तसा पाळकही घेतो. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी हे बायबललाही मान्य आहे. प्रश्न असा की, पगार, नेमणूक आणि हुद्दा ही तिन्ही काढून घेतली तर या माणसाचा मंडळीशी संबंध उरतो काय? ज्यांनी कचेरीत आयुष्य काढले आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीचा हुकूम निघाल्यावर ज्याच्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही असा साहेब त्यांनी पाहिलेला असतो, आणि निवृत्त झाल्यावरही ज्याच्या घरी लोक कागद घेऊन सल्ल्याला जातात असा हेडक्लार्कही पाहिलेला असतो.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. इस्टरपूर्वीच्या गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू आजही बारा जणांचे पाय धुतात. २०१३ मध्ये नवे पोप फ्रान्सिस यांनी हा विधी भव्य महामंदिरात न करता रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केला. ज्यांचे पाय त्यांनी धुतले त्यांत मुली होत्या, ख्रिस्ती नसलेलेही होते. सारे जग चकित झाले. वस्तुतः चकित व्हावे असे त्यात काय होते? पण वर्षातून एकदा, घासून स्वच्छ केलेले पाय धुण्याची सवय जडली की मळके पाय धुणारा मनुष्य नवलाचा वाटू लागतो.

आता घाट चढून नगरकडे वळू. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरास ठाणे उघडले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तेथेच १८४२ मध्ये निघाले. पुढील काही दशकांत नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून, विशेषतः महार आणि मांग समाजातून, ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. गावचा मिशन शाळेचा मास्तर हाच बहुधा उपदेशकही असे. आठवडाभर तो मुलांना धुळाक्षरे आणि पाढे शिकवी, रविवारी त्याच खोलीत प्रार्थना चालवी, आणि रात्री कोणाला सरकारी कागद आला तर तो वाचून दाखवी. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत त्या वस्तीतला तो पहिला लिहिता माणूस असे. मराठी ख्रिस्ती समाजातील नेतृत्वाचा खरा इतिहास लिहायचा तर तो या अनामिक मास्तरांपासून सुरू करावा लागेल. ग्रंथांत मात्र मिशनऱ्यांची आणि थोड्या ब्राह्मण धर्मांतरितांचीच नावे ठळक आहेत. चर्चच्या दाराशी जात गळून पडली असे जे मानतात, त्यांनी या नावांच्या यादीकडे एकदा सावकाश पाहावे.

या मास्तरांचा आणि पाळकांचा पगार मिशनकडून येई, आणि ज्याच्याकडून पगार येतो त्याच्याकडेच अखेरचा शब्द राहतो. गंमत अशी की, ही अडचण मिशनच्या धुरीणांना ठाऊक नव्हती असे नाही. या मिशनच्या बोस्टन येथील मातृसंस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सिद्धान्त मांडला होता की, स्थानिक मंडळी स्वतःच्या पैशावर चालणारी, स्वतःचा कारभार स्वतः करणारी आणि स्वतःचा प्रसार स्वतः करणारी व्हावी. मिशनचे काम स्वतःला अनावश्यक करून टाकणे हेच होय. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात येऊन हे सांगून गेले. सिद्धान्त उत्तम होता. परंतु स्वतःला अनावश्यक करून टाकण्याचा ठराव कोणत्या संस्थेने आजवर उत्साहाने अमलात आणला आहे? पैसा, इमारती, शाळा, दवाखाने आणि नेमणुका यांचे जाळे विस्तारत गेले. मंडळीचे वय वाढले तरी पालकांनी तिचे बोट सोडले नाही. १९१० मध्ये एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिणेतील अझरय्या या तरुण धर्मोपदेशकाने मिशनरी आणि हिंदी कार्यकर्ते यांच्यातील हेच अंतर सर्वांसमक्ष बोलून दाखविले. मिशनरी हिंदी लोकांसाठी देह झिजवतात, पण त्यांना मित्र मानत नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभेत अस्वस्थता पसरली. दोनच वर्षांनी अझरय्या दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले हिंदी बिशप.

महाराष्ट्रात हा प्रश्न भाषणाने सुटण्याजोगा राहिला नव्हता. तो एका कवीने आपल्या संसारावर ओढवून घेतला.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, शीघ्रकवी, आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. दोन वर्षांच्या विचारमंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर जणू आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली राहिली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो नवऱ्याच्या मागून मुकाट जाऊन नव्हे. जातीपातीच्या प्रश्नावर त्यांनी स्वतःशी झगडून, स्वतःच्या बुद्धीने निर्णय केला आणि त्याचा वृत्तान्त 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवला.

टिळक नगरास आले, ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बाहेरून पाहणाऱ्याला एका धर्मांतरित विद्वानाची ही यशस्वी कारकीर्द वाटेल. पण टिळकांना आतून काही टोचत होते. चर्चमध्ये जी गाणी म्हटली जात त्यांतली बरीचशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. शब्द मराठी, श्वास परका. ज्या माणसाच्या आजीने जात्यावर ओवी म्हटली आणि ज्याच्या गावी एकादशीला टाळमृदंग वाजला, त्याने देवाला हाक मारायची ती दुसऱ्याच्या सुरात, ही गोष्ट टिळकांच्या कानाला आणि मनाला दोहोंनाही खपेना. त्यांच्यापूर्वीही नगरास ख्रिस्ती कीर्तने होत असत. टिळकांनी अभंग, पद आणि भजन यांना उपासनेच्या मध्यभागी आणून बसविले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते उघड सांगत. त्यांनी रचलेली शेकडो गीते मराठी चर्चमध्ये रुजली. आज नगर जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवर संध्याकाळी पेटी आणि तबला काढून जी भजने म्हटली जातात, त्यांतली पुष्कळशी टिळकांची असतात, आणि म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांना ती कोणाची हे ठाऊकही नसते. एखाद्या कवीला याहून मोठा मान क्वचितच मिळतो.

येथेच थांबते तर टिळक एक थोर ख्रिस्ती कवी म्हणून सुखाने राहिले असते. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पनाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. भांडण करून सोडली नाही. मिशनऱ्यांपैकी अनेक त्यांचे अंतरंग मित्र होते आणि राहिले. मिशनच्या पगारावर राहून हिंदी लोकांपुढे ख्रिस्ताविषयी बोलताना आपल्या शब्दामागे परक्याचा पैसा उभा दिसतो, ही जाणीव त्यांना असह्य झाली होती. त्यांनी ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. या दरबाराची एक अट, अथवा अटीचा अभाव म्हणा, विलक्षण होती. येशूला गुरू मानणारा कोणीही त्यात येऊ शकत होता. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे सारखीच जागा होती. ज्या काळात धर्मांतरितांची गणती हीच मिशनच्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची बाब समजली जाई, त्या काळात ही गोष्ट मिशनला आणि कर्मठ हिंदूंना सारखीच अवघड वाटणे स्वाभाविक होते. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व मानले तर चर्चचे कुंपण राहते कोठे, हा आक्षेप पोकळ नव्हता. आजही तो पोकळ नाही.

टिळकांची मूर्ती घडविताना शेंदूर फासण्याचा मोह टाळायला हवा, आणि तो टाळण्याची सोय लक्ष्मीबाईंनीच करून ठेवली आहे. 'स्मृतिचित्रे'तील टिळक उदार आहेत, तसेच तापट आहेत. दारी आलेल्याला हातातले देऊन टाकणारे आहेत, आणि घरी उद्या काय शिजवायचे याचा विचार न करणारेही आहेत. न सांगता घरातून निघून जाणारा, बेत बदलणारा, पुन्हा नव्या बेताने पेटून उठणारा हा माणूस कोणत्याही संस्थेला सांभाळणे कठीणच होते. त्यांच्या त्यागाची किंमत त्यांच्या खिशातून थोडी आणि लक्ष्मीबाईंच्या कोठीतून अधिक गेली, असे ते पुस्तक वाचताना वाटल्यावाचून राहत नाही. धार्मिक पुढाऱ्यांची चरित्रे त्यांच्या बायकांनी लिहिण्याची प्रथा पडती तर संतांची संख्या घटली असती, पण जे उरले असते ते अधिक विश्वासार्ह ठरले असते. टिळक उरतात, हे विशेष.

ज्यांना कोणी कधी दीक्षा दिली नाही, ज्यांना कोणत्याही चर्चचा हुद्दा नव्हता, अशा एका स्त्रीने हीच कसोटी टिळकांच्याही आधी दिली होती. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या होत्या तेथील सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती की, नवदीक्षिताने चर्चच्या शिकवणुकीपुढे मान तुकवावी. रमाबाईंनी प्रत्येक सिद्धान्तावर प्रश्न विचारले. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा आपल्या पित्याने आणि पतीने दिलेले स्वातंत्र्य त्यांनी बिशपांच्या स्वाधीन केले नाही. एका पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसरे खांद्यावर घेण्यास त्या तयार नव्हत्या. उद्धट नवशिकी म्हणून त्यांची गणना झाली. इकडे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले, आणि १८९३ मध्ये तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पाडली जाते या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. चर्चला त्या पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नाहीत, आणि सुधारकांना पुरेशा तटस्थ.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात अन्नावाचून भटकणाऱ्या, दलालांच्या हाती पडणाऱ्या मुली रमाबाईंनी शेकड्यांनी गोळा करून केडगावास आणल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. कोणतेही चर्च, कोणतीही समिती त्यांना हे करा म्हणून सांगत नव्हती. उलट इतक्या मुलींना खायला कोठून घालणार, असे शहाणे लोक विचारीत होते. विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, छापखाना आला. उत्तरायुष्यात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याच्या कामाला लागल्या. भाषा अशी हवी होती की खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावी. ज्या पंडितेने कलकत्त्याच्या विद्वानांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळविली होती तिने आपले संस्कृत पांडित्य बाजूला ठेवून हे केले. मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच ते बायबल छापले. एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

या दोन उदाहरणांवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, परदेशी तो मोलकरी आणि देशी तो पाळक. तसे समीकरण टिकत नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, चाळीस वर्षे तेथेच राहिले. १६१६ मध्ये छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' हजारो मराठी ओव्यांचे आहे. साष्टीच्या खेड्यांतील नवख्रिस्ती लोकांची पुराणश्रवणाची सवय राज्यकर्त्यांनी तोडली होती. त्यांच्या त्या भुकेला स्टीफन्स यांनी त्यांच्याच छंदात उत्तर दिले. त्यांना पाठविणारी सत्ता कोणती होती हे विसरण्याचे कारण नाही, त्या सत्तेने गोव्यात काय केले हेही नाही. पण ती सत्ता मावळली आणि ओव्या उरल्या. याउलट पगारासाठी, मानासाठी आणि बंगल्यासाठी पद धरून बसलेला देशी माणूस कोणी पाहिलेलाच नाही, असे कोणताही ख्रिस्ती वाचक छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही.

वसईकडे याच दृष्टीने पाहावे. पोर्तुगीज सत्ता तेथून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी उखडली. घंटा मात्र वाजत राहिल्या, कारण गावांनी त्या वाजवत ठेवल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, लॅटिनच्या जागी मराठी उपासना आली, आणि मराठीत विचार करणाऱ्या धर्मगुरूंची एक पिढी पुढे झाली. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या पिढीतले. १९७२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, १९८३ पासून जवळजवळ पाव शतक त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालविले. त्याच सुमारास वसईच्या वाड्यांवर संकट आले. केळी, फुले, पानवेली यांच्या या हिरव्या पट्ट्यावर इमारतींची नजर पडली. टँकर विहिरींचे गोड पाणी उपसून नेऊ लागले. जमीन देणार नाही म्हणणाऱ्याला दहशतीचा सामना करावा लागू लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि एक पाद्री मोर्चाच्या अग्रभागी दिसू लागला.

धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, पाण्याच्या टँकरपाशी त्याचे काय काम, असे तेव्हा विचारले गेले. विचारणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्तीही होते. हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जाऊ शकतो. राजकारणात उतरलेला पुरोहित अखेर कोणत्या थराला जातो याची उदाहरणे सर्व धर्मांत आहेत. पण येथे पद मागितले जात नव्हते, निवडणूक लढविली जात नव्हती. विहिरीत खारे पाणी चढले तर ते ख्रिस्ती कुपाऱ्याच्या आणि हिंदू आगऱ्याच्या विहिरीत सारखेच चढते, म्हणून हा माणूस दोघांसाठी उभा राहिला. लांडगा आला तेव्हा पळाला नाही, एवढेच योहानाच्या भाषेत म्हणता येईल. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर नको म्हणून विरोध झाला. पाठीच्या दुखण्याने उभे राहणे कठीण झालेले असतानाही ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. नगरची जुनी मिशन-मंडळीही त्या प्रवाहात आली. वसईला १९९८ मध्ये स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला. बिशप भारतीय, पाळक भारतीय, समित्या भारतीय. अँडरसन यांच्या सिद्धान्तातील निम्म्या गोष्टी तरी कागदावर पुऱ्या झाल्या. मात्र मिशन गेले आणि मागे उरल्या त्या मिशनच्या जमिनी, बंगले, शाळा आणि दवाखाने, आणि त्यांच्यावर सही कोणाची चालावी हा प्रश्न. चर्चच्या मालमत्तांचे तंटे देशभर न्यायालयांतून चालू आहेत. तारखेला हजर राहणाऱ्या विश्वस्तांची संख्या रविवारी भजनाला बसणाऱ्यांपेक्षा जास्त भरते की काय, असे कुचेष्टेने म्हटले जाते. कुचेष्टा सोडून दिली तरी ज्या पाळकाची बढती-बदली अशा समितीच्या हाती आहे, त्याने समितीच्या कारभाराविषयी व्यासपीठावरून दोन शब्द बोलायचे ठरविले तर त्याच्यामागे किती माणसे उभी राहतील? त्याच्या शौर्याची चर्चा करणे सोपे आहे. त्याला पोसण्याची तयारी मंडळीने दाखविली तर त्याला थोडे कमी शौर्य पुरेल. अँडरसन यांच्या तीन अटींत पहिली अट पैशाची होती, ती उगाच नव्हे. आपल्या पाळकाला आपल्या मुठीतले धान्य देणाऱ्या गरीब मंडळीला त्याच्याकडून काही मागण्याचा हक्क असतो. तो पगार दूरच्या कचेरीतून येऊ लागला की मंडळीही नकळत प्रेक्षक होऊन बसते.

टिळकांच्या दरबाराला ही व्यवस्था लावण्याइतके आयुष्य लाभले नाही. मिशन सोडल्यावर ते दोन वर्षेही जगले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्यामागे दरबारही टिकला नाही. संस्था उभारणारा पुढारी म्हणून त्यांचे मोजमाप केले तर ते अपयशी ठरतात. जाताना त्यांचे आणखी एक काम अपुरे राहिले होते: येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन'. त्याचे आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. ते हस्तलिखित लक्ष्मीबाईंनी पुढे घेतले. याच बाईने १८९५ मध्ये नवरा बाटला म्हणून ऊर बडवून घेतला होता. शाळेत ती कधी गेली नव्हती, लिहायला-वाचायला घरीच शिकली होती. १९३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने अध्यायामागून अध्याय रचले, आणि शेवटी जे उरले ते मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरे केले.